पाखरू, रेडा आणि गुरुजींची प्रज्ञा

पालमच्या बसस्टँडसमोर माझं दुकान आहे. पाटीवर 'व्हिडिओ गेम' लिहिलं होतं. उन्हानं त्यातला 'गेम' खाल्ला आणि 'व्हिडिओ' तेवढा उरला. तेव्हापासून लग्नसराई सुरू झाली की कुणीतरी येऊन विचारतंच, "मावशी, हळद आणि लग्न मिळून शूटिंगचं काय घेता?"

मी सांगते, "शूटिंग हाय, पण शत्रूचं."

हा धंदा आमच्या ह्यांनी आणला. ते टेम्पो चालवायचे. एकदा हैदराबादला माल पोचवून परत निघाले, आणि रिकामा टेम्पो कशाला आणायचा म्हणून एका बंद पडलेल्या पार्लरमधल्या गेमच्या चार पेट्या उचलून आणल्या. पेटी म्हणजे कपाटाएवढं लाकडी खोकं. वर काच, काचेमागं टीव्हीची नळी, खाली फळीवर दोन दांड्या आणि बटणं. पहिल्याच आठवड्यात ह्यांनी चालू पेटीत हात घातला. आतल्या विजेनं त्यांना उचलून समोरच्या भिंतीला टेकवलं. उठून शर्ट झटकला आणि म्हणाले, "आजपासून हे तुझं." इतर बायकांना नवरा पैंजण देतो. मला चार पेट्या मिळाल्या.

काम शिकवलं हैदराबादच्या सलीमभाईंनी. ते वर्षातून एखाद्या वेळी दुरुस्तीला यायचे. त्यांचा पहिला धडा होता, "भाभी, पहले प्लग निकालो, बाद में दिमाग लगाओ." या धंद्यात सगळ्यात आधी दांडी मोडते. माणूस मरायला लागला की बटणाऐवजी दांडीवर जोर काढतो, जसं काही ती जास्त पिळली म्हणजे गोळी वळेल. मग बटणाखालची पट्टी झिजते. मग उन्हाळ्यात नळी तापते आणि चित्र आंब्याच्या रसासारखं खाली ओघळतं. एकदा एका पेटीत पाल शिरून चिकटली होती. तीन तास मी बोर्ड तपासत बसले आणि दोष निघाला शेपटीचा.

चारपैकी तीन पेट्या आता गेल्या. सलीमभाईही फोन उचलत नाहीत. मी कारण शोधत नाही. एक पेटी मात्र चालू आहे, आणि हे सगळं तिच्याबद्दलच आहे.

तिच्यातल्या गेमचं खरं नाव मला माहीत नाही. पडद्यावर जपानी अक्षरं येतात. लढाई कोणाची, कशासाठी, हे पालममध्ये कुणालाच कळलेलं नाही, त्यामुळे कुणाची अडचणही झाली नाही. त्यात दोन वाहनं आहेत. एक विमान, लहानसं, चपळ, पडद्यावर वाटेल तिथं फिरणारं, पण एक गोळी लागली की खलास. दुसरा रणगाडा, जमिनीला धरून चालणारा, संथ, चार गोळ्या खाऊनही पुढं जाणारा. विमानाला आमच्याकडं 'पाखरू' म्हणतात आणि रणगाड्याला 'रेडा'. दोघं मिळून खेळायचं असतं. पडद्यावरचं चित्र आपोआप सरकत राहतं, कुणासाठी थांबत नाही. जो मागं राहिला तो पडद्याच्या कडेला चेपून मरतो.

पुढं एक नदी लागते. तिच्यावरचा पूल वर उचललेला असतो. पलीकडं मनोऱ्यावर तांबडा दिवा असतो. पाखरानं जाऊन तो दिवा फोडला की पूल खाली पडतो आणि रेडा पार होतो. पाखरू नुसतं पुढं उडून गेलं तर त्याला शत्रूही जास्त मिळतात आणि मार्कही, पण रेडा नदीकाठी चेपतो. आणखी पुढं किल्ल्याचा दरवाजा आहे. तो फक्त रेड्याच्या तोफेनं फुटतो. म्हणजे रेडा मागं मेला असेल तर पाखरू त्या दरवाज्यासमोर घिरट्या घालत मरतं. हे सगळ्यांना एकदा कळतं, आणि तरी दुसऱ्या दिवशी सगळे मार्कांमागंच पळतात.

आता पोरं मोबाईलवर खेळतात. माझ्याकडं येतात ते बस चुकलेले, बस न आलेले आणि घरी जायचं नसलेले. एक नामदेव आबा होते. बाजाराच्या दिवशी पिशवी मांडीशी धरून पेटीसमोर बसायचे. पेटीत नाणं टाकलं नाही तरी गेम स्वतःशीच खेळत राहतो, गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी. आबा त्या वेळी दांडी हलवायचे. त्यांना वाटायचं, तेच खेळतायत. पाखरू वाचलं की मला सांगायचे, "बघ कमल, निघालो का न्हाई मधून!" मी म्हणायचे, "लय हात बसला आबा तुमचा." शेवटपर्यंत त्यांना सांगितलं नाही. त्यांच्याएवढं समाधानी गिऱ्हाईक मला पुन्हा मिळालं नाही.

पण मला सांगायचंय ते प्रज्ञाचं. नावं बदलली आहेत. तिची परवानगी घेतली आहे. तिच्या वडिलांची घेतलेली नाही. गुरुजी दिवाळी अंक वाचत नाहीत. शुद्धलेखन चांगलं नसतं म्हणतात.

गुरुजी म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, आमच्याच वस्तीतले, विहाराच्या समितीत पुढं असणारे, शब्दाला कडक. प्रज्ञा त्यांची एकुलती मुलगी. एम.एस्सी. झाली आणि पालममध्येच गणिताची शिकवणी घ्यायला लागली. वर्गात मुलं मावत नसत. कॉलेजला असल्यापासून बस यायला वेळ असला की ती माझ्याकडं यायची आणि रेडा घ्यायची. नेहमी रेडाच. पाखराला स्टँडवरचं कुणीतरी असायचं. किल्ल्याच्या आत पोचलेली माणसं मी थोडी पाहिली. त्यांत ती एक.

एका दुपारी ती आली, दांडीला हात न लावता उभी राहिली.

"मावशी, एक काम हाय. उद्या परभणीहून एक जण यायलाय. मला बघायला."

"मग माझ्याकडं काय? घरी पोहे कर."

"पोहे हायतच. पण चार वाजता. मी त्याला दोनला हितं बोलावलंय."

बायोडाट्यावर मुलाचा नंबर होता. तिनं सरळ त्यालाच निरोप धाडला होता, 'घरी येण्याआधी स्टँडसमोरच्या गेमच्या दुकानात या. एकटे या.'

"अगं, कुणी बघितलं तर?"

"काय बघणार? दोघं पेटीकडं तोंड करून उभे. एकमेकांकडं बघायलेसुद्धा न्हाईत."

हे मला पटलं. पालममध्ये एका मुलानं आणि एका मुलीनं चहा घेतला तर बातमी पूर्णेपर्यंत जाते. गेम खेळले तर मात्र लोक फक्त मार्क बघतात.

"पण घरी दहा माणसांत बसून काय कळतंय मावशी? तो म्हणणार, मला वाचनाची आवड हाय. मी म्हणणार, मलाबी. तुमी त्याला पाखरू द्या. नदीपाशी तो काय करतो, मला बघायचंय."

पहिला आला तो बँकेतला. इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड. लहानपणी गंगाखेडच्या जत्रेत असले गेम लय खेळलोय म्हणाला. खरंच खेळलेला असावा, कारण हात सफाईदार होता. पाखरू असं उडवलं की बसची वाट बघणारे आत येऊन उभे राहिले. नदी आली. त्यानं खाली बघितलंसुद्धा नाही. प्रज्ञाचा रेडा काठावर उभा, मागून पडद्याची कडा सरकत आली आणि रेडा चेपला. ती हात खाली सोडून उभी राहिली. बराच वेळ गेल्यावर त्यानं विचारलं, "तुमी कुठं गेलात?"

"मी मघाशीच मेले," प्रज्ञा म्हणाली.

चार वाजता पोहे झाले. त्याच्याकडून होकार आला. प्रज्ञानं नकार दिला. गुरुजींनी कारण विचारलं तर म्हणाली, "त्यांचं लक्ष नसतं."

दुसरा पुण्याच्या कंपनीतला. स्वभावानं फार चांगला. माझ्यासाठीसुद्धा पेढे आणले होते. त्याची अडचण वेगळी. तो स्वतः कमी खेळला, प्रज्ञाला शिकवलं जास्त. "आता वर मारा. थांबा. आता नको. अहो आता!" जिनं हा रेडा वर्षानुवर्षं हाकला तिला तो बटण कोणतं ते दाखवत होता. नदीपाशी आल्यावर तर त्यानं सरळ हात लांब करून तिची बटणं दाबायला घेतली. तोवर इकडं त्याचं स्वतःचं पाखरू जाऊन मनोऱ्यावर आदळलं.

"असं असतं बघा," तो घाम पुसत म्हणाला. "तुमच्या काळजीत माझं गेलं."

तो बाहेर पडल्यावर मी म्हटलं, "पोरी, हा वाईट न्हाई गं."

"न्हाईच की वाईट. पण मावशी, माझी दांडी माझ्या हातात ठेवील का तो?"

मी पुडा बांधून ठेवला. पेढा तोंडात होता.

दुसरा नकार गेल्यावर मात्र वस्तीत कुजबुज सुरू झाली. गुरुजींची पोर लय शहाणी झालीय. शिकवणीच्या पैशानं डोकं फिरलंय. कुणीतरी गुरुजींच्या तोंडावरच म्हणालं, आधी पोरीला विचारून घ्या, तिच्या मनात दुसरं कोणी हाय का. गुरुजींना ते लागलं. त्यांनी घरात सांगून टाकलं, आता एक स्थळ आहे. याला नकार दिलास तर पुढं मी बघणार नाही, आणि शिकवणीचा वर्ग आपल्या घरात चालणार नाही.

वर्ग म्हणजे प्रज्ञाचा जीव होता. वडिलांना ते ठाऊक होतं, म्हणून तर बोलले.

दुसऱ्याच दिवशी गुरुजी माझ्या दुकानात आले. त्यापूर्वी ते कधी आत आले नव्हते. उंबऱ्यातून बघून मान हलवत जायचे. छत्री मिटून स्टुलावर बसले.

"कमलबाई, ती तुमच्याकडं येत असती. तुमचं ऐकती. तिला समजावून सांगा. ती असं का करायलीय, मला काही कळंना झालंय."

पेटी त्यांच्या पाठीला टेकलेली होती. मी म्हटलं, "सांगते गुरुजी."

आता इथं मला बोर्डाबद्दल सांगायला हवं. गेमचा सगळा मेंदू एका हिरव्या पट्टीवर असतो, तिला बोर्ड म्हणतात. त्याच्या एका कडेला दातांच्या ओळीसारखी पांढरी, बारीक बटणं असतात. ती कुणाला दिसत नाहीत. त्यांवर ठरतं, गिऱ्हाइकाला जीव किती, शत्रूच्या गोळ्या किती वेगानं याव्यात. पार्लरवाल्याची खरी कला तिथं. फार सोपं ठेवलं तर एकच माणूस दुपारभर पेटी अडवतो, फार अवघड ठेवलं तर पुन्हा येत नाही. मी माझी पेटी मध्यम ठेवत आलेय.

तिसरा येणार त्या सकाळी मी प्लग काढला, मागचं फळकूट उघडलं आणि सगळी बटणं सोप्याकडं पाडली. शत्रूच्या गोळ्या इतक्या सावकाश येत होत्या की कुणी मध्ये चहा पिऊन यावं. प्रज्ञाला सांगितलं नाही. माझा हिशोब सरळ होता. पोराला वेळ मिळेल, दिवा फुटेल, पूल पडेल, लग्न ठरेल, वर्ग वाचेल.

तिसरा होता आनंद. जनावरांचा डॉक्टर, देवगाव फाट्याजवळच्या एका सरकारी दवाखान्यात. आला तो मोटारसायकलवरून, पँटवर चिखलाचे शिंतोडे घेऊन. "माफ करा, वाटेत एक म्हैस अडली होती," म्हणाला. मग पेटीकडं बघून, "मी असलं कधीच खेळलो न्हाई. कोणतं माझं?"

"पाखरू," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

इतकं वाईट पाखरू मी आयुष्यात पाहिलेलं नाही. सुरू झाल्याबरोबर ते वरच्या कडेला जाऊन चिकटलं. मग खाली येऊन प्रज्ञाच्या रेड्यावर बसलं. शत्रूच्या गोळ्या लोळत येत होत्या आणि हा त्यांना सामोरा जाऊन मरत होता. मेला की हसायचा. नदी लांबच राहिली, त्याचे सगळे जीव संपले.

प्रज्ञा मात्र पडद्याकडं डोळे बारीक करून बघत होती. "मावशी," ती माझ्याकडं न वळता म्हणाली, "आज शत्रू आजारी हायत का?"

"उन्हाळा हाय," मी म्हटलं.

"तुमी बटणं फिरवली."

मी फडकं घेऊन काच पुसायला लागले.

तेवढ्यात आनंद म्हणाला, "एक विचारू का? मला तो रेडा द्या की. जनावर माझ्या ओळखीचं हाय. तुमी पाखरू घ्या."

प्रज्ञानं आजवर पाखरू घेतलं नव्हतं. तरी घेतलं. आणि दांडी हातात आली तशी ती बदललीच. वर काय, खाली काय, गोळ्या सावकाश, शत्रू ढिगानं, मार्कांचे आकडे धावायला लागले. तिच्या तोंडातून "हे घे, हे घे" असं निघायला लागलं. स्टँडवरची दोघं-तिघं आत आली. खाली रेडा शांतपणे चालत होता. नदी आली. रेडा काठाशी जाऊन थांबला. पाखरू पलीकडं गेलं, दिव्यावरून गेलं, आणि पुढंच गेलं.

आनंदनं वाट पाहिली. मग अगदी हळू म्हणाला, "मॅडम, पूल."

तोवर कडा आली आणि रेडा चेपला.

प्रज्ञाचे हात दांडीवरच राहिले. पाखरू आपोआप कशावर तरी आदळून मेलं तरी ती हलली नाही. तिचा चेहरा असा झाला होता की मला हसू आवरेना. मी वाकून खाली काहीतरी पडल्यासारखं शोधायला लागले.

"काय झालं?" आनंद घाबरून म्हणाला. "मी काही चुकलो का? रेड्याला घाई केली तर तो बसतो, म्हणून मी थांबलो."

मग तिनं त्याला सगळं सांगितलं. तिथंच, पेटीकडं तोंड करून. पहिला का नाकारला, दुसरा का नाकारला, आज त्याला कशासाठी बोलावलं होतं. तो लक्ष देऊन ऐकत राहिला. मध्ये बोलला नाही.

"म्हणजे ही परीक्षा होती," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"मग तुमी नापास झालात."

"हो," ती म्हणाली. "आणि तुमीबी. तुमचं तर नदीपर्यंत गेलंच न्हाई."

"मग बरं झालं. एक पास, एक नापास असतं तर जन्मभर ऐकावं लागलं असतं."

ती हसली. मग दोघांनी घड्याळ बघितलं. चार वाजत आले होते, आणि त्या दोघांची अजून ओळखच व्हायची होती.

बघायच्या कार्यक्रमाला गुरुजींनी मलाही बोलावलं होतं. मी समजावलं होतं ना. प्रज्ञा पोहे घेऊन आली, मान खाली. आनंदनं तिच्याकडं असं बघितलं जसं पहिल्यांदाच बघतोय. त्याच्या काकांनी विचारलं, "काय छंद वगैरे?"

"वाचन," प्रज्ञा म्हणाली.

आनंदच्या घशात पोह्यातला शेंगदाणा अडकला. त्याला पाणी दिलं, पाठीवर थापट्या मारल्या. गुरुजी म्हणाले, "सावकाश डॉक्टरसाहेब. तुम्हाला काही विचारायचं असेल तर विचारा."

"एकच," तो डोळे पुसत म्हणाला. "लग्नानंतर वर्गाचं काय करायचं ठरवलंय?"

असला प्रश्न मुलाकडून यायचा तो बहुतेक 'बंद करा' असं सांगायलाच येतो. प्रज्ञानं पहिल्यांदा मान वर केली.

"चालू ठेवायचाय. हितंच. पालममध्ये."

"मला बदली मागता येते," आनंद म्हणाला. "जनावरं इकडंबी आजारी पडतात. पण मिळायला वेळ लागंल. तोवर तुमी हितं, मी तिकडं. चालंल का?"

काकांनी चुळबुळ केली. गुरुजी चष्मा काढून पुसायला लागले. ते विरुद्ध बोलतील असं मला वाटलं. ते म्हणाले, "प्रश्न चांगला विचारला. मीच विचारायला पाहिजे होता."

प्रज्ञानं लगेच होकार दिला नाही. पंधरवडाभर वेळ घेतला. त्यात ती माझ्याकडं आली नाही, आणि मी बटणं पुन्हा मध्यमवर आणून ठेवली. मग एक दिवस स्टँडवरून जाताना तिनं नुसता अंगठा वर करून दाखवला आणि बस पकडली. असं मला कळलं.

लग्न विहारासमोरच्या पटांगणात झालं, साध्या बौद्ध पद्धतीनं. त्रिसरण-पंचशील झालं, हार झाले, आणि गुरुजींनी माईक हातात घेतला. मुख्याध्यापकाच्या हातात माईक गेला की तो लवकर परत येत नाही. ते शिस्तीवर बोलले, शिक्षणावर बोलले. मग म्हणाले, "आजकालच्या मुली स्वतःच भेटतात, स्वतःच ठरवतात. माझ्या मुलीनं तसं केलं नाही. मी मुलगा घरी दाखवला, तिनं घरीच पाहिला." टाळ्या पडल्या. नवरा-नवरी जमिनीकडं बघत होते. आनंदचे खांदे हलत होते. लोकांना वाटलं, भरून आलंय.

"आणि एका बाईंचा मी आभारी आहे," गुरुजी पुढं म्हणाले. "त्यांनी माझ्या मुलीला योग्य वेळी समजावलं. कमलबाई, पुढं या."

मला स्टेजवर बोलावून त्यांनी माझा सत्कार केला. नारळ आणि हिरवी साडी, काठाला मोर. प्रज्ञानं स्वतः ती माझ्या हातात दिली आणि कानाशी पुटपुटली, "घ्या मावशी. बटणं फिरवायला मेहनत लागली असंल."

घेतली. न घेऊन कारण काय सांगणार होते? सणावाराला नेसते. गुरुजी भेटले की म्हणतात, शोभून दिसते.